जुनं सीएनसी मशीन, नवं नेटवर्क : एसएमबी-१ सुरक्षितपणे चालू ठेवण्याची पायरीपायरीची पद्धत

मशीनचे प्रोग्राम ठेवलेला ऑफिसातला जुना पीसी काढून नवा बसवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला आमची दोन टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथ, ठप्प झाली. मशीन ठणठणीत, केबल तीच, पासवर्ड तोच. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र एकच ओळ यायची : दिलेलं नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही. ऑपरेटर हात बांधून उभे, जॉब टेबलावर पडून, आणि मालक दर दहा मिनिटांनी विचारायला. तेव्हा मी घाईत जे केलं ते चुकीचं होतं, आणि पुढे ते सगळं उपटून पुन्हा नीट बांधावं लागलं. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत लहान वर्कशॉपमध्ये प्रोग्राम आणि कॉम्प्युटर सांभाळणारा जो एकटा माणूस असतो, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. मी तोच माणूस आहे.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीतच करायची.

आधी दुखणं समजून घ्या

एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर दुसऱ्यावर उघडतं ते एसएमबी नावाच्या भाषेमुळे. तिचा जन्म १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला, नंतर मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांना या भाषेची पहिलीच आवृत्ती येते, म्हणजे एसएमबी-१. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली. तुमच्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये एक्सपी किंवा त्याआधीचं विंडोज असेल, तर मशीन कितीही तगडं असो, त्याला फक्त पहिली आवृत्ती बोलता येते.

नव्या जगाने ती भाषा सोडून दिली आहे. विंडोज १० ची २०१७ अखेरची आवृत्ती नव्याने बसवली की तिच्यात एसएमबी-१ चा सर्व्हर आपोआप बसत नाही. लिनक्सवर हेच काम करणारा सांबा २०१९ मध्ये ४.११ पासून, मुद्दाम सांगितल्याशिवाय, एसएमबी-२ च्या खाली उतरत नाही. लिनक्स कर्नलनेही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेही, ५.१५ मध्ये पासवर्डची जुनी एनटीएलएम पद्धत आपल्या क्लायंटमधून काढून टाकली.

यामागे ठोस कारण आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ मधलं मोठं भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते बसवलं नव्हतं त्यांच्या नेटवर्कमधून मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तेव्हा न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनरच्या रांगा लागल्या. नॉटपेट्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट हेच भगदाड होतं. म्हणून "चालतंय ना, मग चालू दे" असं मी या बाबतीत कुणालाही म्हणत नाही.

माझी चूक हीच होती. मी नव्या पीसीवर विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी-१ ची खूण केली, आणि तेच उरलेल्या चार पीसींवरही केलं. मशीन चालू झाली, सगळे खूश झाले. पण दोन जुन्या मशीनसाठी मी पगारपत्रक, टॅली आणि ग्राहकांची ड्रॉइंगं असलेल्या पाचही पीसींचं दार उघडं टाकलं होतं.

योग्य रस्ता असा : मध्ये एक दुभाषी बसवायचा. एक छोटा लिनक्स पीसी. त्याच्या एका तारेवर मशीनशी जुन्या भाषेत बोलणं, दुसऱ्या तारेवर ऑफिसशी नव्या भाषेत. जुनी भाषा त्या एका तारेपलीकडे जाऊ द्यायची नाही.

काय काय लागेल

- दोन नेटवर्क पोर्ट असलेला छोटा पीसी. जुना डेस्कटॉप आणि त्यात जादा नेटवर्क कार्ड चालतं, हार्डडिस्कऐवजी एसएसडी घाला.
- मशीनसाठी स्वतंत्र, साधा १०/१०० चा स्विच.
- शिल्डेड नेटवर्क केबल. ड्राइव्ह आणि वेल्डिंगच्या शेजारून साधी केबल नेली तर पॅकेट गळतात.
- डेबियन या लिनक्सची स्थिर आवृत्ती असलेला पेनड्राइव्ह, आणि दुसरा क्लोनझिलाचा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या प्रोग्रामचा.
- आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर. सीएफ कार्डावर चालणाऱ्या कंट्रोलरसाठी कार्डरीडर.
- मशीनच्या मॅन्युअलमधलं नेटवर्कचं प्रकरण आणि कंट्रोलरच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड.
- सध्याच्या सगळ्या आयपी पत्त्यांची यादी. नसेल तर आज करा.
- वार्षिक देखभालीचा करार असेल तर त्याची प्रत. कंट्रोलरच्या विंडोजला हात लावल्यास करार मोडतो का, ते त्यात पाहा.
- मशीन बंद ठेवायला मालकांची किंवा प्रॉडक्शनची लेखी परवानगी. तोंडी परवानगी दुपारपर्यंत विसरली जाते.

१. मशीन नेमकं काय बोलतं ते ओळखा

कंट्रोलरवर विंडोजचा डेस्कटॉप उघडता येत असेल तर रनमध्ये ‘विनव्हर’ टाका, आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक कळेल. एक्सपी सर्व्हिस पॅक ३ असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे. एनटी ४ किंवा त्याआधीचं डॉसवालं काही असेल तर वेळ जास्त धरा.

डेस्कटॉप उघडत नसेल तर तारेवर कान लावा. दुभाषी पीसीवर वायरशार्क (तारेवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि मशीनवरून शेअर, म्हणजे नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर, उघडायचा प्रयत्न करा. संभाषणाच्या सुरुवातीला मशीन आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवतं. त्यात ‘एनटी एलएम ०.१२’ एवढंच असेल आणि ‘एसएमबी २’ ने सुरू होणारं काहीच नसेल, तर निदान पक्कं झालं.

याच वेळी मॅन्युअलमध्ये एफटीपी (फाइल पाठवण्याची वेगळी पद्धत) आहे का ते बघा. असेल तर तुम्हाला एसएमबी-१ लागणारच नाही. वेगळ्या तारेवर एफटीपी चालवणं जास्त साधं आहे, आणि खालच्या पायऱ्यांपैकी २, ३, ७ आणि ८ तुम्हालाही लागू पडतील, फक्त पायरी ३ मधल्या फायरवॉलमध्ये मशीनकडे एफटीपीचे पोर्ट उघडायचे. आरएस-२३२ वर सीरियल केबलने प्रोग्राम व्यवस्थित जात असतील आणि वेगाची तक्रार नसेल, तर ती केबल काढू नका. चालणारी सीरियल लाइन मोडून नेटवर्क आणण्यात काही मोठेपणा नाही.

२. हात लावण्याआधी प्रत घ्या

कंट्रोलरची डिस्क वीस वर्षांची असू शकते. क्लोनझिलाने तिची पूर्ण इमेज घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. जमल्यास ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्यावर मशीन सुरू होतं का तेही बघा. न तपासलेली इमेज म्हणजे आशा, बॅकअप नव्हे.

इथे नवखे एक गोष्ट विसरतात. डिस्कची इमेज म्हणजे मशीनचे पॅरामीटर नव्हेत. ऑफसेट, पिच एरर भरपाई, पीएलसीच्या खुणा हे बऱ्याच कंट्रोलरमध्ये बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतं. ते वेगळं काढून घ्या. फॅनक कंट्रोलरची ती बॅटरी बदलायची असेल तर पॉवर चालू ठेवूनच बदलतात. बंद करून बदलली तर मेमरी कोरी व्हायचा धोका असतो, आणि मग सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघत बसावं लागतं.

३. दोन रस्ते वेगळे करा

ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं असेल तर मशीनचं पूर्ण वेगळं घ्या, उदाहरणार्थ १०.१०.१०. दुभाषी पीसीचा मशीनकडचा पत्ता १०.१०.१०.१, पहिल्या मशीनचा १०.१०.१०.११, आणि तसंच पुढे. मशीनवर गेटवे आणि डीएनएस हे रकाने रिकामे ठेवा. मशीनला इंटरनेटची काहीच गरज नाही, त्यामुळे इंटरनेटचा रस्ताही त्याला माहीत नसावा.

दुभाषी पीसीवर आयपी फॉरवर्डिंग (एका तारेवरचं दुसऱ्या तारेवर पुढे पाठवणं) बंद आहे का तपासा. ‘सिसीटीएल नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ विचारलं की शून्य यायला हवं. एक आलं तर दोन्ही रस्ते आतून जोडलेले आहेत आणि सगळी मेहनत फुकट. त्याच पीसीवर नंतर कुणी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) बसवलं तर ते हा आकडा एक करतं. म्हणून या पीसीवर दुसरं काही बसवायचं नाही, असं मी त्याच्या कॅबिनेटवर मार्करने लिहून ठेवलं आहे.

फायरवॉलमध्ये मशीनकडच्या पोर्टवर टीसीपी १३९ आणि ४४५, यूडीपी १३७ आणि १३८ एवढेच उघडा. ऑफिसकडच्या पोर्टवर फक्त २२, पायरी ८ मधल्या एसएफटीपीसाठी.

तारेचाही एक सापळा आहे. जुन्या कंट्रोलरच्या नेटवर्क कार्डावर कधीकाळी कुणीतरी हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’ लावून ठेवलेलं असतं. समोरचा स्विच वेग आपोआप ठरवणारा असला तर तो स्वतःला हाफ डुप्लेक्स समजतो. पिंग जातो, छोटी फाइल जाते, आणि दोन एमबीचा मोल्डचा प्रोग्राम मात्र रखडतो. दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवा. फक्त १० एमबीपीएस येणारं कार्ड असेल तर काही नवे वेगवान स्विच त्याला ओळखतही नाहीत. साधा १०/१०० चा स्विच सांगितला तो त्यासाठीच.

४. सांबा बसवा आणि एकाच तारेला बांधा

डेबियनवर ‘एपीटी इन्स्टॉल सांबा एसएमबीक्लायंट’ एवढंच करायचं आहे. त्यानंतर ‘ईटीसी’मधल्या ‘सांबा’ फोल्डरमधली ‘एसएमबी.कॉन्फ’ फाइल उघडा. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

ग्लोबल भागात या ओळी महत्त्वाच्या :

- ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ बरोबर ‘एनटी१’. जुन्या भाषेला परवानगी देणारी ओळ हीच.
- ‘इंटरफेसेस’ बरोबर ‘एलओ’ (पीसीचा स्वतःशीच बोलायचा पोर्ट) आणि मशीनकडच्या पोर्टचं नाव.
- ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ बरोबर ‘येस’. वरची ओळ लिहून ही विसरलात तर सांबा ऑफिसच्या तारेवरही ऐकत बसतो.
- ‘नेटबायॉस नेम’ पंधरा अक्षरांच्या आत.
- ‘लॉग लेव्हल’ बरोबर ‘१ ऑथ_ऑडिट:३’. कुठलं मशीन कुठल्या पद्धतीने लॉगिन करतंय ते यातून कळतं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. अनेकांना वाटतं की किमान प्रोटोकॉलची ओळ एकाच शेअरखाली लिहिली की तेवढाच शेअर जुना होईल. तसं होत नाही. ही ओळ संपूर्ण सर्व्हरला लागू होते, कारण भाषा कुठली हे शेअर उघडण्याच्या आधीच ठरतं. म्हणून ज्या सर्व्हरवर ऑफिसच्या फाइली आहेत त्याच सर्व्हरवर ही ओळ लिहू नका. एनएएस (नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा डबा) असेल तर त्याच्या मेनूतली जुन्या प्रोटोकॉलची खूणही करू नका.

आता शेअर. मी दोन केले आहेत. ‘प्रोग’ हा मशीनला फक्त वाचायला, ‘रीड ओन्ली’ बरोबर ‘येस’. ‘परत’ हा मशीनवरून सुधारलेला प्रोग्राम बाहेर काढायला, तिथे लिहिता येतं. दोन्हींवर ‘व्हॅलिड युजर्स’मध्ये मशीनच्या खात्याचं नाव द्या. ‘गेस्ट ओके’ कुठेही नको.

‘प्रोग’ शेअरमध्ये आणखी एक ओळ घाला : ‘ऑपलॉक्स’ बरोबर ‘नो’. ऑपलॉक म्हणजे सर्व्हरने क्लायंटला दिलेली मुभा की फाइल तू स्वतःकडे धरून ठेव, बदलली तर सांगतो. आपल्याकडे फाइल बदलते ती सांबाच्या पाठीमागून, लिनक्सच्या बाजूने. अशा वेळी मशीन जुनीच प्रत वाचत राहू नये, म्हणून मुभाच काढून घ्यायची.

फाइल जतन केली की ‘टेस्टपार्म’ चालवा. तो चुकीच्या ओळी दाखवतो. मग ‘एसएमबीडी’ आणि ‘एनएमबीडी’ या सांबाच्या दोन सेवा पुन्हा सुरू करा. विंडोज एनटीला ४४५ हा पोर्ट माहीत नाही, ती १३९ वरूनच येते आणि नावाने शोधते, म्हणून ‘एनएमबीडी’ हवा.

गुरुवारच्या सुट्टीनंतर किंवा वीज गेल्यावर एक त्रास होतो. पीसी आधी उठतो, स्विच नंतर, आणि सांबाला आपला पोर्ट सापडत नाही. पीसी आणि स्विच एकाच यूपीएसवर ठेवल्यापासून आमच्याकडे हे थांबलं.

५. पासवर्डची पद्धत एक पायरी वर आणा

एसएमबी-१ आणि पासवर्डची जुनी पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सपी मुळात कमकुवत पद्धतीने पासवर्ड पाठवते आणि सांबा तो नाकारतो. मग लोक सांबातच ‘एनटीएलएम ऑथ’ ढिलं करतात. ते करण्याआधी मशीनला सुधारून बघा. एक्सपीला एनटीएलएम-व्ही२ ही चांगली पद्धत येते, फक्त तिला सांगावं लागतं.

रजिस्ट्रीत ‘एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, एलएसए’ इथे जा. ‘एलएमकम्पॅटिबिलिटीलेव्हल’ नावाची किंमत ३ करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. एनटी ४ ला सर्व्हिस पॅक ४ पासून ही पद्धत येते.

मशीनच्या कराराने रजिस्ट्रीला हात लावता येत नसेल, तरच सांबाच्या ग्लोबल भागात ‘एनटीएलएम ऑथ’ बरोबर ‘एनटीएलएमव्ही१-परमिटेड’ लिहा. हा पासवर्ड तारेवरून चोरता येतो असं गृहीत धरून तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. प्रत्येक मशीनला स्वतःचं खातं द्या, लॉगिन शेल नसलेलं, आणि मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने पासवर्ड लावा. लिनक्सचं खातं आणि सांबाचा पासवर्ड दोन्ही लागतात. एकच करून दुसरं राहिलं म्हणून दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

एक्सपी असेल तर २०१७ च्या त्या भगदाडाचं अपडेटही बसवा. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला होता, तरी वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी खास अपडेट काढलं, क्रमांक केबी४०१२५९८. पण पायरी २ झाल्याशिवाय नाही.

६. मशीनकडची बाजू

एक्सपीत ड्राइव्ह मॅप करून ‘लॉगऑनला पुन्हा जोडा’ अशी खूण केली की अर्ध्या वेळा लाल फुली दिसते, कारण नेटवर्क जागं होण्याआधीच ती जोडायला जाते. त्याऐवजी स्टार्टअप फोल्डरमध्ये छोटी बॅच फाइल ठेवा. पहिली ओळ थांबण्यासाठी. एक्सपीत ‘टाइमआउट’ ही आज्ञा नाही, म्हणून ‘पिंग -एन २० १२७.०.०.१’ लिहायचं, साधारण वीस सेकंद जातात. दुसऱ्या ओळीत जुनं जोडणं काढून टाकणारं ‘नेट यूज’, तिसऱ्यात नव्याने जोडणारं, नावाऐवजी १०.१०.१०.१ या पत्त्याने आणि शेवटी ‘पर्सिस्टंट नो’.

कंट्रोलरची तारीखही बघा. मदरबोर्डचा सेल गेलेला असेल तर घड्याळ फार मागे असतं, आणि ‘परत’मध्ये येणाऱ्या फाइलींमध्ये ताजी कुठली ते कळत नाही.

७. फाइलींची नावं : इथे जॉब वाया जातात

या पायरीवर मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतो, कारण आमचे अकरा नग यात भंगारात गेले.

लिनक्सला मोठी आणि लहान अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला नाही. प्रोग्रामरने सुधारित प्रोग्राम लहान ‘ओ’ने नाव देऊन टाकला, जुना मोठ्या ‘ओ’चा तिथेच होता. लिनक्सवर दोन फाइली शेजारी शेजारी बसल्या. मशीनने मोठ्या अक्षरांचं नाव मागितलं आणि त्याला जुना प्रोग्राम मिळाला. बोअर जुन्या मापाचा झाला. ऑपरेटरची काडीची चूक नव्हती, प्रोग्रामरचीही नव्हती. चूक माझ्या मांडणीची होती.

तेव्हापासून ऑफिसवाल्यांना ‘प्रोग’ फोल्डरमध्ये थेट काही टाकता येत नाही. ते ‘आवक’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात, आणि एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला ही कामं करते :

नाव मोठ्या अक्षरांत बदलते. नाव आठ अक्षरं अधिक तीन अक्षरांच्या मापात आहे का बघते, कारण काही कंट्रोलर लांब नाव कापून दाखवतात आणि मग दोन वेगळे प्रोग्राम एकसारखे दिसतात. नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षर असेल तर फाइल ‘अडवलेल्या’ या फोल्डरमध्ये टाकते. आमच्या एका मुलाने हौसेने ‘शाफ्ट’ हे नाव मराठीत दिलं होतं, मशीनवर नुसती प्रश्नचिन्हं दिसली. मग ‘युनिक्स२डॉस’ने ओळींचा शेवट विंडोजच्या पद्धतीचा करते, नाहीतर काही कंट्रोलरना अख्खा प्रोग्राम एकच ओळ वाटतो. फॅनक पद्धतीच्या मशीनसाठी पहिली आणि शेवटची ओळ टक्क्याच्या चिन्हाची आहे का तेही पाहते. शेवटचं चिन्ह नसेल तर फाइल अर्धवट आली असं समजायचं. सगळं ठीक असेल तर क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तपासून ती ‘प्रोग’मध्ये हलवते आणि त्याच नावाची जुनी प्रत तारखेसह ‘जुने’मध्ये ठेवते.

हलवताना ‘आवक’ आणि ‘प्रोग’ एकाच डिस्कच्या एकाच भागात असू द्या. मग ‘एमव्ही’ ही आज्ञा नाव क्षणात बदलते आणि मशीनला अर्धी लिहिलेली फाइल कधीच दिसत नाही. वेगळ्या डिस्कवर असतील तर प्रत उतरत असताना मशीन ती वाचू शकतं.

८. ऑफिसची बाजू

ऑफिसमधून ‘आवक’मध्ये फाइल टाकायला एसएफटीपी, म्हणजे फाइल पाठवण्याची सुरक्षित पद्धत, वापरा. विंडोजवर विनएससीपी मोफत मिळतो, आणि कॅमवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर मशीनचे प्रोग्राम बनवणाऱ्यांना, दोन खिडक्यांची सवय एका दिवसात होते. ड्राइव्हच हवा असा आग्रह असेल तर ऑफिसकडच्या पोर्टवर सांबाची दुसरी, पूर्ण स्वतंत्र प्रत चालवावी लागते. तिची सेटिंग फाइल आणि खासगी फोल्डरं वेगळी, किमान प्रोटोकॉल एसएमबी-३. नवख्याने सुरुवातीला त्यात पडू नये.

हे झालं की ऑफिसच्या प्रत्येक पीसीवर जाऊन एसएमबी-१ ची खूण काढा. मी पाचही पीसींवर काढली तेव्हाच मला शांत झोप लागली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मुळात डिजिटल सही असलेलं संभाषणच मान्य होतं आणि पाहुण्या खात्याने उघडणारे शेअर प्रो आवृत्तीत नाकारले जातात. जुन्या एनएएससाठी त्याही अटी ढिल्या करण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. ते मानू नका.

९. चाचणी, आणि चुकांचे क्रमांक

दुभाषी पीसीवरूनच आधी तपासा : ‘एसएमबीक्लायंट’ला ‘-एम एनटी१’ सांगून. पण क्लायंटचीही स्वतःची किमान मर्यादा एसएमबी-२ असते, म्हणून त्याच ओळीत ‘क्लायंट मिन प्रोटोकॉल’ बरोबर ‘एनटी१’ हा पर्यायही द्यावा लागतो. तो राहिला की चाचणीच नापास होते आणि आपण उगाच सर्व्हरला दोष देतो.

मशीनवरून ‘नेट यूज’ केल्यावर क्रमांक काय येतो ते बघा. ५३ आला तर रस्ताच नाही : केबल, पत्ता, फायरवॉल. ६४ आला तर रस्ता आहे पण भाषा जुळत नाही, पायरी ४ पुन्हा बघा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड, किंवा पायरी ५ मधली पद्धत. ५ म्हणजे आत आलात पण हक्क नाहीत, लिनक्सवरच्या फोल्डरच्या परवानग्या तपासा. ही चार ओळींची यादी छापून, लॅमिनेट करून मी कंट्रोल पॅनलच्या दाराच्या आत चिकटवली आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर मला फोन करतो तेव्हा आधी क्रमांक सांगतो आणि निम्मं काम तिथेच होतं.

सगळं जुळल्यावर ‘एसएमबीस्टेटस’ चालवा. प्रोटोकॉलच्या रकान्यात एनटी१ दिसेल, आणि यादीत फक्त १०.१०.१० चे पत्ते असतील. ऑफिसचा एक जरी पत्ता दिसला तर पायरी ४ मधल्या बांधणीत चूक आहे.

उलट दिशाही कधी लागते, म्हणजे शेअर मशीनवर आणि फाइल ओढायची लिनक्सने. तेव्हा कर्नलमधून माउंट करण्याऐवजी ‘एसएमबीक्लायंट’नेच ओढा. कर्नलमधला जुना आधार कमी होत चालला आहे, आणि माउंट अडकला तर स्क्रिप्टही अडकून बसते.

१०. पुढची वर्षं : अपडेट थांबवू नका

चालू झालं की सांबाला ‘होल्ड’ लावून कायमचं गोठवायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत, गोठवू नका. ज्या पीसीवर जाणूनबुजून कमकुवत भाषा चालते, त्याचं बाकी सगळं तरी ताजं असायला हवं.

माझी पद्धत अशी. त्याच मापाची दुसरी एसएसडी तयार ठेवलेली आहे. महिन्यातून एकदा, गुरुवारी, तिच्यावर अपडेट चढवतो, ‘टेस्टपार्म’ आणि पायरी ९ ची चाचणी करतो, एक फाइल ‘आवक’मधून मशीनपर्यंत नेऊन बघतो. जमलं तर ती डिस्क कामाला, जुनी बाजूला. बिघडलं तर डिस्क पुन्हा बदलायला पाच मिनिटं.

डेबियनची मोठी आवृत्ती बदलताना सांबाच्या नव्या आवृत्तीच्या टिपणात ‘एसएमबी१’ हा शब्द शोधायचाच. ४.१७ पासून एसएमबी-१ चा सर्व्हर वगळूनही सांबा बांधता येतो, म्हणजे एखाद्या वितरणाने तो वगळला तर तुमची सेटिंग बरोबर असूनही मशीन जोडलं जाणार नाही. तो दिवस येण्याआधी मशीनच्या बाजूने एफटीपीचा पर्याय विकत मिळतो का, कंट्रोलरचं रेट्रोफिट (जुना काढून नवा बसवणं) किती पडेल, याची किंमत काढून मालकांसमोर ठेवा. आम्ही दोन कोटेशनं घेऊन ठेवली आहेत.

पेनड्राइव्हवर मात्र बंदी घाला. सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला की कुणीतरी खिशातून पेनड्राइव्ह काढतो, आणि तो आदल्या रात्री कुठल्या सायबर कॅफेत होता कोण जाणे. एक अधिकृत पेनड्राइव्ह साखळीने बांधून ठेवा, तो आधी दुभाषी पीसीवर तपासला जाईल असा नियम करा.

११. शेवटचं जुनं मशीन जाईल त्या दिवशी

मशीन विकलं जातं, दुभाषी तसाच चालत राहतो. कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून सेटिंग फाइलमध्ये ‘एनटी१’च्या ओळीवरच एक टिपण लिहून ठेवा : कुठल्या मशीनसाठी, कधी सुरू केलं, आणि कुठलं मशीन गेल्यावर काढायचं. तो दिवस आला की ती ओळ पुसा, मशीनची खाती काढा, सांबा पुन्हा सुरू करा, आणि पायरी ९ ची ‘एनटी१’ची चाचणी एकदा चालवा. या वेळी ती नापास व्हायला हवी. विकलेल्या मशीनच्या डिस्कमध्ये ग्राहकांचे प्रोग्राम राहिलेले असतात, मशीन गाडीत चढवण्याआधी ते पुसून घ्या.